कशापेक्षा सर

इंग्रजी शिकवणाऱ्या तिच्या बाबांना मुलं पाठीमागे 'कशापेक्षा सर' म्हणायची. ते बाबांना ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं.

कुणी वहीत नुसतं 'हेवियर' लिहिलं की बाबांचा प्रश्न ठरलेला. "जास्त जड. बरं. पण कशापेक्षा?" टेबलावर इस्त्री, जाडजूड शब्दकोश आणि एक वीट कायम असे. दोन्ही हातांत दोन वस्तू घ्यायच्या, तोलायच्या, मगच वाक्य लिहायचं. उचलल्याशिवाय लिहिणाऱ्याची खैर नसे. एखाद्याने 'मोर हेवियर' लिहिलंच, तर म्हणत, "साखरेत आणखी साखर कशाला रे?" अख्खा वर्ग खिदळायचा. दारामागे बसून तीही हसायची. किती चांगले दिवस होते ते, असं तिला आता उठताबसता वाटे.

आता बाबा अंथरुणाला खिळले होते. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी त्यांच्या तब्येतीची हकिकत इंग्रजीत लिहून मागवली होती. तिने लिहिली आणि बाबांनी सवयीने तपासायला मागितली. नाही कसं म्हणणार?

"वजन कमी झालं," त्यांनी वाचलं. पेन्सिल थांबली. "कशापेक्षा?"

 वजनाचा आकडा तिने त्यांच्यापासून लपवला होता. कळला असता तर माणूस हातपाय गाळून बसला असता.

"उचलून बघ आणि मग लिही," बाबा म्हणाले. "नियम विसरलीस?"

तिने त्यांच्या काखेत हात घातले आणि उशीला टेकवून बसवलं. महिन्याभरापूर्वी याच कामात तिला धाप लागायची. आज ते अलगद वर आले. 

"गेल्या महिन्याइतकेच जड आहात," ती म्हणाली आणि तसंच इंग्रजीत लिहून कागद पुढे केला.

बाबांनी वाक्य वाचलं. मग तिच्या तोंडाकडे पाहिलं. आयुष्यभर लोकांच्या चुका काढलेल्या त्या माणसाने शेजारी बरोबरची खूण केली.

"छान जमलंय," म्हणाले आणि डोळे मिटले.

कागद घेऊन ती स्वयंपाकघरात गेली. ते वाक्य खोडून तिने खरं लिहिलं, 'कशापेक्षा' ते सांगून, पूर्ण. तपासायला कुणी नव्हतं, तरी ती पेन्सिलीची वाट पाहत उभी राहिली.