महूचा रस्ता आणि आमची डोकी

आम्ही पाच जण एकाच रस्त्यावर, एकाच वेळी धावायला सुटायचो आणि परत मात्र पाच वेगवेगळ्या वेळी पोचायचो. आमच्याकडे एवढे किस्से साठले त्याचं कारण हेच. पहिला पोचलेला माणूस इंदूरच्या लालबागेजवळच्या दुकानात पोहे मागवून आपली कहाणी सुरू करायचा. ती रंगात आली की दुसरा यायचा आणि म्हणायचा, छे, असं झालंच नव्हतं. शेवटचा येईपर्यंत महूच्या एका रस्त्याचे पाच रस्ते झालेले असायचे.

मी तेव्हा बांधकाम खात्यात नकाशे उतरवणारा ट्रेसर होतो. आम्हाला या नादाला लावलं ते माधवराव जाधवांनी. त्यांना सगळे उस्तादच म्हणत. रियासतीच्या रिसाल्यात, म्हणजे घोडदळात होते. रियासत जाऊन मध्यभारत झालं, रिसाला मोडला, घोडा सरकारजमा झाला आणि उस्तादांकडे पेन्शन आणि दोन पाय उरले. दर रविवारी सकाळी ते आम्हाला घेऊन महूच्या सडकेला लागायचे. कधी राऊ गावापर्यंत, कधी त्याच्याही पुढं. त्यांचं शिकवणं एका वाक्याचं होतं.

"पाय नाही रे थकत. आधी डोकं बसतं, मग ते पायांना हाक मारतं."

*

बापट मास्तर शाळेत गणित शिकवायचे आणि धोतराचा काचा मारून धावायचे. राऊच्या अलीकडे एक मोठा वड होता. तिथपर्यंत मास्तर झकास यायचे आणि वड आला की त्यांचा दम संपायचा. दर रविवारी, तिथंच. त्यांनी चढ तपासला, वारा तपासला, आदल्या रात्रीचं जेवण बदलून पाहिलं. वड काही सुटेना.

एका जानेवारीत असं धुकं पडलं की पुढचा माणूस दिसत नव्हता, नुसती पावलं ऐकू यायची. आम्ही राऊला थांबलो. थोड्या वेळानं मास्तर आले, एकदम खुशीत, आणि विचारायला लागले की आज वड अजून कसा नाही आला.

उस्ताद म्हणाले, "मास्तर, हे राऊ आहे."

मास्तरांनी आजूबाजूला पाहिलं. धुक्यात स्टेशनचा दिवा दिसला, तसे ते मटकन खालीच बसले. वडापाशी संपायचा राहिलेला सगळा दम तिथं एकदम संपला.

पुढच्या रविवारी आभाळ स्वच्छ होतं. मास्तर टोपी डोळ्यांवर ओढून आले आणि तसेच, नुसत्या पायापुढच्या सडकेकडे बघत, वड पार करून गेले. मग दर आठवड्याला टोपी थोडी थोडी वर सरकत गेली. होळीच्या सुमारास एका रविवारी त्यांनी टोपी खिशात घातली, धावता धावताच वडाला नमस्कार केला आणि पुढं निघून गेले.

*

त्याच रस्त्यावर एक पिवळं कुत्रं होतं. आम्ही दिसलो की ते मागं लागायचं आणि शेताच्या कुंपणापर्यंत आम्हाला पोचवून परत जायचं. त्याच्या भीतीनं तेवढा तुकडा आम्ही कसा ओलांडायचो ते आम्हालाच कळायचं नाही. मग त्याचा मालक गाव सोडून गेला, कुत्र्यालाही घेऊन गेला. आम्ही हुश्श केलं.

पुढच्या रविवारी त्या तुकड्यात आम्ही सगळेच ढेपाळलो. कुणाला पोटात दुखलं, कुणाला जोडा चावला. उस्तादांनी घड्याळ पाहिलं, बराच वेळ विचार केला आणि गंभीरपणे म्हणाले, "कुत्रं बघावं लागेल."

*

हा माझा किस्सा आहे. परतीच्या वाटेवर मी एकटा मागं पडलो होतो. ऊन चढलं होतं, बरगडीखाली कळ येत होती आणि डोकं तर केव्हाच बसलं होतं. तेवढ्यात मागून एक रिकामा टांगा आला, सियागंजच्या अड्ड्यावर चाललेला. टांगेवाल्यानं लगाम खेचला आणि मला बस म्हणाला, पैसे नको म्हणाला. मी मान हलवली. मला वाटलं, जाईल पुढं. तो गेला नाही. माझ्या बरोबरीनं टांगा चालवत राहिला.

त्यानं मला मुलीच्या लग्नाचं सगळं सांगितलं. जावई कसा, वऱ्हाड किती खादाड. मग म्हणाला की गादी नवीन आहे, जरा हात लावून तर बघा. मी हात नाही लावला. लावला असता तर संपलंच होतं. मी घोड्याच्या कानांकडे बघत राहिलो आणि ठरवलं की पुढच्या झाडापर्यंत जाऊ, मग बसू. ते झाड आलं की त्याच्या पुढचं. असं करता करता बरगडीखालची कळ कधी गेली ते कळलं नाही. बऱ्याच वेळानं टांगेवाला वाकून मला हळूच म्हणाला,

"भिया, मत बैठो. पर जरा धीरे चलो. घोड़े को बुरा लग रहा है."

*

कुंटे सचिवालयात क्लार्क होता. त्या वेळी आमचं सरकार अर्धं वर्ष ग्वाल्हेरला आणि अर्धं वर्ष इंदूरला असायचं. फायली, कपाटं, टंकयंत्रं आणि कुंटे, सगळं रेल्वेत भरून तिकडे जायचं आणि उन्हाळा लागला की परत यायचं. कुंटे परतायचा तो ग्वाल्हेरच्या तिळगुळाच्या गजकनं वाढवलेलं पोट घेऊन. पहिले काही रविवार त्याचे फार हाल व्हायचे.

पण त्यानं एक उपाय काढला होता. धावताना पायानं तक्रार केली की तो ती अर्ज समजून घ्यायचा आणि मनातल्या मनात त्यावर शेरा मारायचा. 'पुट अप आफ्टर राऊ.' राऊ गेलं की 'प्लीज डिस्कस.' मग नुसतं 'पेंडिंग.' असं करत तो सगळ्या तक्रारी थेट लालबागेपर्यंत ढकलत आणायचा. आम्हीही ती युक्ती उचलली आणि खरं सांगतो, चालायची ती.

एकदा लालबागेचं फाटक समोर दिसत असताना कुंटेच्या दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले आणि तो सडकेवर आडवा झाला. उस्ताद धावत गेले, पाय चोळायला लागले, विचारायला लागले की झालं तरी काय. कुंटे कण्हत म्हणाला,

"सगळे अर्ज एकदम मंजूर झाले."

*

आमच्यातले सगळ्यात वेगवान रामलालजी. परदेशीपुऱ्यात राहायचे, मिलमध्ये मागावर होते, अनवाणी धावायचे. ते सगळ्यांत वेगवान आहेत हे आम्हाला ठाऊक होतं, पण कधी दिसलं नव्हतं, कारण ते उस्तादांच्या पुढं जात नसत. उस्ताद जोड्याची नाडी बांधायला वाकले तर हे मागं जागच्या जागी पाय हलवत उभे. एकदा मी कारण विचारलं तर म्हणाले की बरोबरीला येतो ना, तेव्हा पायच जड होऊन जातात. "उस्ताद के आगे कैसे निकलूं?"

पावसाळा संपला की लालबागेपासून महूपर्यंत जाऊन परत यायची एक शर्यत असायची. त्या वर्षी महूच्या छावणीतला एक तरुण गडी सगळ्यांच्या पुढं निघाला होता. परतीला तो आम्हाला समोर दिसत होता, हाताला लागेल इतका जवळ, आणि रामलालजी आपले उस्तादांच्या मागं. उस्तादांनी त्यांना पुढं जायला सांगितलं. नाही गेले. रागावून पाहिलं. तरी नाही. शेवटी उस्ताद भर सडकेत थांबले, टाचा जुळवून ताठ उभे राहिले आणि रिसाल्यातल्या आवाजात म्हणाले,

"रामलाल, ये हुकुम है. आगे."

रामलालजींनी वाकून त्यांच्या पायाला हात लावला, माफ करना म्हणाले आणि गेले. असा सुटलेला माणूस मी परत पाहिला नाही. छावणीच्या गड्याला त्यांनी लालबागेच्या बरंच अलीकडे मागं टाकलं.

संध्याकाळी हार घालून बसलेल्या रामलालजींना कुंटेनं विचारलं की एकटं पुढं धावताना मनात काय होतं. ते म्हणाले, काही नाही, एवढीच भीती होती की उस्ताद मागून हाक मारतील.

उस्ताद म्हणाले, "मलाही तीच होती. मारली असती तर हा आला असता."

*

आता उस्तादांच्या शेवटच्या शर्यतीबद्दल. त्या वर्षी रिसाल्याचा जुना तबेला पाडून तिथं गोदाम बांधायला घेतलं होतं. उस्ताद त्याबद्दल कधी बोलले नाहीत, पण रविवारी हसायचे कमी झाले होते. गुडघेही कुरकुरायला लागले होते. ही आपली शेवटची, असं त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं.

परतीच्या वाटेवर राऊ मागं पडलं आणि ते सडकेकडेच्या मैलाच्या दगडावर बसले. मी थांबलो. त्यांनी शांतपणे सांगितलं की काही दुखत नाही, गुडघेही ठीक आहेत. "डोकं बसलं, शिंदे. उठायचं नाही म्हणतंय. तू जा."

मी नाही गेलो. त्यांनीच शिकवलेलं सगळं त्यांना ऐकवलं. त्यांनी एखाद्या गुणी विद्यार्थ्यासारखं ऐकून घेतलं आणि बसून राहिले.

दर वर्षी तिथून पुढच्या वळणावर कावेरीवहिनी, म्हणजे उस्तादांच्या पत्नी, ताकाचा तांब्या घेऊन उभ्या असत. ठेंगणी मूर्ती, नऊवारी लुगडं, केस बरेचसे पांढरे. आम्ही आलो नाही म्हणून त्याच चालत आमच्याकडे आल्या. काय झालं ते मी सांगितलं. मला वाटलं, आता वहिनी एक तर रागावतील नाही तर समजूत घालतील.

त्यांनी तांब्या माझ्या हातात दिला. पायातल्या चपला काढून उस्तादांच्या पुढ्यात ठेवल्या. पदर कमरेला घट्ट खोचला आणि इंदूरच्या दिशेनं निघाल्या. आधी चालत. मग धावत.

"अगं, कुठं निघालीस?" उस्तादांनी विचारलं.

वहिनींनी मागं पाहिलं नाही. वळणापाशी त्या लहान होत होत दिसेनाशा झाल्या. उस्तादांनी माझ्याकडे पाहिलं, चपलांकडे पाहिलं. मग उठले, चपला हातात घेतल्या आणि त्यांच्या मागं सुटले.

ती धाव मी त्यांच्या शेजारून पाहिली, तांब्याच्या तोंडावर हात दाबून धरत. बैलगाडीवाले गाड्या थांबवून बघत होते. बायका शेतातून कडेला आल्या होत्या. वहिनी मधूनच पुढं दिसायच्या, काठाचं हिरवं लुगडं, एकसारखी चाल, आणि आम्ही वेग वाढवला की परत वळणाआड जायच्या. उस्तादांना त्या काही सापडल्या नाहीत. पण लालबागेच्या जवळ मी त्यांच्याकडे पाहिलं तर बायकोच्या चपला हातात घेऊन धावणारा तो माणूस चक्क हसत होता, कित्येक महिन्यांनी.

फाटकापाशी वहिनी सावलीत उभ्या होत्या. पदर पुन्हा डोक्यावर घेतलेला, कपाळावर थोडासा घाम. उस्तादांनी चपला त्यांच्यापुढं ठेवल्या आणि गुडघ्यांवर हात टेकून वाकले. जरा आवाज फुटल्यावर ते म्हणाले, "तू... धावायला... कधी..."

वहिनींनी चपला पायात घातल्या, माझ्या हातातून तांब्या घेतला आणि उस्तादांपुढं धरला.

"आधी ताक घ्या," त्या म्हणाल्या. "दम लागलाय तुम्हाला."