ड्रायव्हिंग क्लास बदलला, पण तेवढ्यावर थांबले नाही

गेवराईत माझं लेडीज टेलरिंगचं दुकान आहे. पुढं दुकान, मागं घर. नवऱ्याची नजर साखरेच्या आजारानं अधू होत गेली आणि एके दिवशी त्यांनी गाडीची चावी खुंटीला अडकवली, ती पुन्हा काढलीच नाही. डोळ्यांच्या डॉक्टरकडं दर महिन्याला बीडला जावं लागायचं. दारात गाडी उभी आणि मी त्यांना हाताला धरून एसटीच्या पायऱ्या चढवतेय, हे मला बघवेना. एक्केचाळिसाव्या वर्षी मी ड्रायव्हिंग क्लासला नाव घातलं.

गावातला सगळ्यात जुना क्लास. चालवणाऱ्या माणसाला सगळे सर म्हणायचे, मीही म्हणायचे. शिकवायचा म्हणजे वरडायचा. मी ते सोसलं. शिलाई शिकताना मीही बोलणी खाल्लीच होती.

नवव्या दिवशी त्यानं मला हायवेकडं घेतलं. चढावर गाडी बंद पडली. मागं ट्रक, ट्रकच्या मागं आणखी गाड्या, सगळ्यांचे हॉर्न. "सर, काय करू? सर, काय करू आता?" एवढंच तोंडातून निघत होतं. त्यानं मोबाईल काढला. मला वाटलं, कुणाला तरी फोन लावतोय. तो हसत हसत माझा व्हिडिओ काढत होता. मागच्या सीटवर शिकायला आलेल्या दोन कॉलेजच्या मुली होत्या, त्या तोंडावर ओढणी धरून हसत होत्या.

"उतरा खाली. मी काढतो गाडी."

मी उतरले. तो स्टिअरिंगवर बसला आणि निघाला. पुढं थांबेल म्हणून मी चालत राहिले. तो थांबला नाही. एप्रिलचं ऊन. ट्रकवाले माझ्याकडं बघत जात होते. मी हायवेच्या कडेनं गावात चालत आले.

संध्याकाळी त्यानं तो व्हिडिओ स्टेटसला ठेवला. वर लिहिलं होतं, 'असे पण नमुने येतात शिकायला.' शेजारच्या बाईनं आमच्या ओट्यावर बसून तो लावला. नवऱ्याला चित्र दिसत नव्हतं, पण माझा आवाज त्यांनी ओळखला. जेवताना म्हणाले, "आपुन एसटीनंच जात जाऊ."

या एका वाक्यासाठी मी त्या माणसाला अजून माफ केलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. म्हणाले, "मला तुमच्याकडं शिकायचं न्हाई. दुसरीकडं जाते."

तो खुर्चीत मागं रेलला. "जा की. पण लायसनच्या अर्जावर मोबाईल नंबर माझा हाय. ओटीपी माझ्याकडं येतोय. टेस्टची तारीख कशी घेता तेच बघतो."

खरंच होतं. फॉर्म त्यानंच भरला होता आणि नंबर स्वतःचा टाकला होता. सगळ्यांच्याच फॉर्मवर तो तसं करायचा, म्हणजे कुणी सोडून जाऊ नये. मी परत आले. मशीनवर बसले, पण एक शिवण सरळ येईना. त्या दिवशी मी ठरवलं, नुसतं लायसन काढून भागायचं नाही. या माणसावर एकदा तरी भर लोकांत अशी वेळ आणायची, की काय करावं हे त्याला सुचू नये.

बसस्टँडच्या मागं एका चाचांचा लहानसा क्लास होता. तीस वर्षं मोसंबीचा ट्रक चालवून उतारवयात त्यांनी एकच गाडी घेऊन शिकवणं सुरू केलं होतं. त्यांनी माझं सगळं ऐकलं.

"पयले नंबर बदलू ताई. आधार घ्या, बीडला चला."

ते स्वतः माझ्यासोबत आरटीओत आले. अर्ज दिला आणि पुढच्या काही दिवसांत माझ्या अर्जावर माझा नंबर लागला. मग बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंग मिलच्या मैदानात आठवडाभर त्यांनी मला नुसता क्लच सोडायला लावला. गाडी बंद पडली की मी दचकायचे. ते म्हणायचे, "बंदच पडली ना? मंग चालू करा. कावून घाबरता?" पहिल्या टेस्टला मी रिव्हर्समध्ये नापास झाले, दुसऱ्यांदा पास. नवऱ्याला बाजूला बसवून बीडला नेलं. परतताना ते एवढंच म्हणाले, "गाडीचा आवाज चांगला येतोय."

इथं थांबले असते तर मी चांगली बाई ठरले असते.

माप घेताना बाईला हलता येत नाही. हात वर, अंगाभोवती टेप. तेवढ्या वेळात जे सांगाल ते तिला ऐकावंच लागतं. मी प्रत्येकीला सांगितलं. शेजारणीनं तो व्हिडिओ ठेवून घेतला होता, तो मागून घेतला आणि मीच दाखवू लागले. "ही मी. मागं हसतोय तो त्याचा आवाज. तुमची लेक जाणार हाय ना तिथं? फॉर्मवर नंबर कुणाचा टाकलाय ते बघा." दिवाळी ते संक्रांत मी हेच केलं. त्याची बायकांची सकाळची बॅच बंद पडली. चाचांना दुसरी गाडी घ्यावी लागली.

तरी माझं पोट भरलं नव्हतं.

मग एका लग्नाचा ब्लाऊज शिवायला त्याची बायको आली. मी तिला ओळखत होते, पण ती कधी फार बोलायची नाही. माप घेता घेता मी विचारलं, "तुमी चालवत असाल की गाडी?"

ती हसली. "अख्ख्या गावाला शिकवलं त्यांनी. मला दार हळू लावायचं तेवढं शिकवलं."

"शिकायचंय?"

तिनं दाराकडं बघितलं. मग हळूच म्हणाली, "त्यांना कळलं तर?"

"तुमी फिटिंगला येताय माझ्याकडं."

पुढचा दीड महिना ती फिटिंगला येत राहिली. दुकानातून शिरायची आणि मागच्या दारानं चाचांच्या गाडीत बसायची. चाचांना हे पसंत नव्हतं. "ताई, कुणाच्या घरात भांडण लावू नये," ते मला दोनदा म्हणाले. मी ऐकलं नाही. शेवटी त्यांनी तिलाच विचारलं. ती म्हणाली, मला शिकायचंय. मग त्यांनी शिकवलं. तिच्या फॉर्मवर नंबर तिचाच होता.

टेस्टच्या दिवशी मी दुकान बंद ठेवून बीडला गेले. तिची तारीख त्याच्या क्लासच्या पोरांच्या तारखेलाच येईल असं मीच पाहून घेतलं होतं. तो मैदानाच्या कडेला दुसऱ्या क्लासवाल्यांसोबत चहा पीत उभा होता. चाचांच्या गाडीचं दार उघडलं आणि त्याची बायको स्टिअरिंगवर बसली. कुणीतरी म्हणालं, "सर, ह्या वहिनी ना?" त्याच्या हातातला कप तसाच राहिला. तिनं गाडी काढली, वळवली, रिव्हर्स घेतली. एकदाही बंद पडली नाही. त्याच्या शेजारचे हसायला लागले. तो कधी तिच्याकडं बघे, कधी लोकांकडं.

मग मी त्याला दिसले. तो तरातरा आला. "हे तुमी केलं?"

"व्हय. मीच केलं. दुकान बंद ठेवून तुमचं तोंड बघायला आलेय."

मोटारसायकलला किक मारून तो निघून गेला. इतकं गार मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

महिनाभर तो तिच्याशी बोलला नाही. ताट वाढलं की उठून बाहेर जेवायला जायचा. हे मला तिच्याकडूनच कळलं, ती खरोखरच ब्लाऊजच्या फिटिंगला आली तेव्हा.

"एक विचारू?" ती म्हणाली. "हे तुमी माझ्यासाठी केलं का त्यांच्यासाठी?"

माझ्या तोंडात टाचण्या होत्या. त्या निमित्तानं गप्प बसता आलं असतं. मी त्या काढून हातात घेतल्या.

"त्यांच्यासाठी."

तिनं आरशात स्वतःकडं बघितलं. "असू द्या. काल वडवणीला आईकडं जाऊन आले. एकटी." मग हात पुढं करून तिनं दोन्ही मुठी फिरवून बघितल्या. "बाह्या जरा ढिल्या ठेवा ह्या बारीला. वळण घेताना काचतात."