भाऊ रुसला नव्हता

धुळ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी संध्याकाळी केळ्यांची हातगाडी उभी राहते. दिवसभर उन्हात तापलेल्या केळ्यांचा गोडसर, किंचित आंबूस वास वर गॅलरीपर्यंत येतो आणि मी आत जाऊन खिडकी लावून घेतो. का लावली, हे विचारणारं आता घरात कुणी नाही.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी इथल्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होतो आणि माझा थोरला भाऊ जळगावकडे, पहूरजवळच्या आमच्या गावी केळी पिकवत होता. वाटणीत विहिरीकडचं रान माझ्याकडे आलं आणि त्याच वर्षी त्याचं मळ्यात जाणं थांबलं. तो ओट्यावर बसून राही. गावाने दोन्हींची गाठ मारली: धाकट्याला विहीर गेली म्हणून थोरला रुसला. लग्नकार्यात अजूनही हेच सांगतात. मी ते इतकी वर्षं सांगू दिलं.

दिवाळीच्या सुट्टीत गेलो, तेव्हा तो मांडीवर थापट्या मारत म्हणाला, "मास्तर, पाय उठूच नाही राह्यले. तुमच्या पुस्तकात हाये का काही?"

"हाये ना. मळ्यात गेलं की उठतात."

"मंग पुस्तक खोटं हाये," तो हसून म्हणाला.

वहिनी केळी घेऊन आली. आमच्याकडे कुणाचीही शक्ती गेली की हाच उपाय. केळ्याचंही पथ्य असतं, हे कुणाच्या कानावर नव्हतं. भाऊची बोटं सालीवरून घसरत होती. मी केळ सोलून त्याच्या हातात दिलं.

थंडीत तो गेला. जळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, मूत्रपिंडं निकामी झाली होती, रक्तात पोटॅशियम साचलं होतं. "केळी खायचे का?"

"रोज," वहिनी म्हणाली. "घरचीच. मी काही कमी पडू दिलं नाही."

डॉक्टरांनी कागद मिटले. मी वहिनीला घेऊन बाहेर आलो. केळ्यात पोटॅशियम भरपूर असतं, हे खरं तिच्या देखत बोलणं मला कधी जमलं नाही. आता तीही नाही.

वर्गात दरवर्षी मी हेच तर शिकवत होतो. मज्जापेशीच्या आत पोटॅशियम जास्त, बाहेर सोडियम जास्त. या फरकावरच तिच्या पातळ पडद्यात विजेचा ताण उभा राहतो. निरोप निघाला की पडद्यातली दारं उघडतात, सोडियम आत घुसतं आणि ती लाट पुढे सरकत स्नायूपर्यंत पोचते. रक्तातच पोटॅशियम वाढलं, तर फरक पुसट होतो आणि मिटलेली दारं पुन्हा उघडत नाहीत. उठायचं भाऊच्या मनात होतं. ते पायांपर्यंत जाऊन विझत होतं.

कुठलाच निरोप नसतो तेव्हाच्या अवस्थेला आम्ही विश्रांती म्हणतो. पण त्या वेळीही पेशी आत झिरपलेलं सोडियम बाहेर काढत असते, निसटलेलं पोटॅशियम परत ओढत असते. माणूस झोपला तरी हे काम थांबत नाही. हे थकवणारं काम आहे, आणि बाहेरून त्यातलं काहीच दिसत नाही. ओट्यावरचा भाऊ येणाऱ्या-जाणाऱ्याला रिकामा बसलेला दिसे. मलाही तसाच दिसला. नुसतं तसं बसून राहायला त्याला किती कष्ट पडत असतील, याचा विचार करायला मला म्हातारं व्हावं लागलं.