दोन चाकांवरची झुंज

बॅगांची चाकं बदलण्यात वहिनीचा हात धरणारं गल्लीत कुणी नव्हतं. पण तिचं टेबल दुकानाच्या पार मागं, संडासाच्या भिंतीला चिकटलेलं. रस्त्याकडची उजेडाची जागा धाकट्या दिराची. तो कुलपं-किल्ल्यांचं काम करी.

हा दीर छोट्या यंत्रांच्या झुंजीतला मोठा पैलवान. पैलवान कसला, रिमोट धरून काचेच्या पिंजऱ्याबाहेर उभा राहायचा आणि आत त्याचं ताटाएवढं यंत्र दुसऱ्याच्या यंत्राच्या चिंधड्या करायचं. दरवर्षी जिंकून त्याचा तोरा घरात मावेना. शेवटी वहिनी म्हणालीच, "भाऊजी, यंदा मी उतरते. जिंकले तर पुढची जागा माझी."

"आणि हरलात तर?"

"तर पुन्हा जागेचं नाव काढणार नाही."

सासू तिथंच पाय चेपत बसलेली. "मी ऐकलंय हं. नंतर कुणी शब्द फिरवला तर पाठीत रट्टा घालीन."

वहिनीनं यंत्र केलं ते आपल्यासारखंच दणकट. चार जाड चाकं, चारींना वेगळ्या मोटरी, वर जाड पत्रा, पुढं गरगर फिरणारा दातेरी रूळ. नोंदणीच्या टेबलाशी पंचबाईनं एकेक नियम तपासला. रिमोट बंद केला तसं यंत्र जागीच थांबलं. रूळ चुकून फिरू नये म्हणून त्याला खीळ घातलेली होती. मग यंत्र काट्यावर चढलं आणि पंचबाईनं नकारार्थी मान हलवली.

"दीड किलोच्या वर जातंय. झुंजी सुरू व्हायच्या आत कमी करा, नाहीतर बाद."

दीर टपलेलाच होता. "रूळ काढून टाका की वहिनी."

"हत्यार चालतं पाहिजे. त्याशिवाय प्रवेश नाही," पंचबाई म्हणाली.

"मग पत्रा काढा!" म्हणजे त्याच्या यंत्राच्या पात्याला उघडं अंग आयतंच मिळालं असतं.

वहिनीनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. फरशीवर फतकल मारून ती विचार करत बसली. उभा जन्म बॅगांत गेलेला. चार ताठ चाकं सरळ पळतात, पण वळताना मागची दोन घासतात, अडतात. दोन चाकांची बॅग मात्र नुसत्या मनगटावर गर्रकन फिरते. तिनं पान्हा उचलला आणि मागची दोन चाकं मोटरींसकट उपटली.

काटा दीड किलोच्या आत आला. यंत्राचं ढुंगण मात्र जमिनीला टेकलं. लोक खिदळायला लागले.

"वहिनी, गाडी बसली तुमची!"

"बसू द्या भाऊजी. बसूनच मारील."

आणि मारलंच की! आधीच्या झुंजींत समोर आलेली यंत्रं तिनं एकामागून एक लोळवली. शेवटच्या झुंजीला उरला दीर.

त्याचं यंत्र सुसाट आलं, बगलेत घुसायला. ते डावीकडं गेलं तर हिचं जागच्या जागी वळून तोंड समोर. उजवीकडं गेलं तरी तोंड समोरच. दिराला घाम फुटला. चिडून त्यानं सरळ धडक घेतली, तसं रुळानं त्याचं चाकच उखडलं. दुसऱ्या तडाख्याला यंत्र उताणं! पंचबाईनं आकडे मोजायला घेतले. सासू तिच्या वरताण ओरडून मोजत होती, पोटच्या पोराविरुद्ध.

"नऊ... दहा!"

वहिनीनं रिमोट बंद केला आणि अशी आरोळी ठोकली, की काच थरथरली.

सकाळी दिरानं मुकाट्यानं तिचं टेबल पुढं ओढलं. "इथं ठेवू?"

"अजून पुढं. उन्हात येऊ दे."

दीर पुन्हा वाकला. वहिनी कमरेवर हात ठेवून दारात उभी राहिली आणि टेबल थेट पायरीला भिडेपर्यंत तिनं "बास" म्हटलं नाही.