दोन डॉक्टरांची एक गोळी

नोकरीतल्या बहुतेक घटना आता डोक्यात एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. ही एक मात्र आजही जशीच्या तशी डोळ्यांसमोर उभी राहते, आणि राहिली की मला स्वतःचाच राग येतो. नाव मी कुणाचंच सांगणार नाही. माणसं चांगली होती, त्याच भागात नांदत असतील.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. मी शिरूर भागात फौजदार होतो. सोमवारी सकाळी ठाण्यात नुसता बाजार भरतो. रविवारी ज्यांनी एकमेकांची डोकी फोडलेली असतात ते दोन्ही पक्ष पट्ट्या बांधून एकाच बाकावर बसलेले असतात. त्या गर्दीतून वाट काढत एक बाई थेट माझ्या टेबलापुढं आली. दौंडकडच्या एका गावात दिलेली, माहेर आमच्या हद्दीत. पदर कमरेला खोचलेला, डोळे सुजलेले.

"साहेब, माझ्या वैनीनं माझ्या आयला विष घातलंय. एकदा न्हाई, दोनदा."

तिला बसवलं, पाणी दिलं आणि सगळं क्रमानं विचारून घेतलं. घर पूर्वी मेंढरं राखणाऱ्यांचं, आता दोन पिढ्या शेतीवर स्थिरावलेलं. घरात म्हातारी सासू, सून आणि मुलगा. मुलगा सणसवाडीला कारखान्यात पाळीनं कामाला. रविवारी खंडोबाचा उपास होता. संध्याकाळी म्हातारी घामानं ओलीचिंब होऊन जमिनीवर पडलेली सापडली. हाक मारली तर ओ देईना. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आणल्यावर रक्तातली साखर भलतीच उतरलेली निघाली. ग्लुकोजची सलाईन दिल्यावर सकाळी म्हातारी उठून बसली, निरोप मिळताच रात्री धावत आलेल्या लेकीशी बोलली. सुनेनं तिला कपभर चहा पाजला, आणि तासाभरात ती पुन्हा बेशुद्ध.

"माझ्या डोळ्यांसमोर पाजला, साहेब. कोरा चहा. आन् आय पडली."

आता तुम्हीच सांगा, कुठल्या पोलिसाचे कान टवकारणार नाहीत? मी स्टेशन डायरीत नोंद घातली आणि हवालदाराला घेऊन दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी एमएलसीचा, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसचा, कागद तयारच ठेवला होता. त्यांचं म्हणणं असं, की आजीला साखरेचा विकार आहे, शिरूरच्या एका खाजगी डॉक्टरांची रोज एक गोळी चालू आहे. उपास आणि एक गोळी यांनी साखर उतरेल, पण इतकी नाही. "साहेब, हिच्या पोटात जास्त गोळ्या गेल्यात," ते म्हणाले. "कुणी दिल्या, ते तुम्ही शोधा." सलाईन त्यांनी पुन्हा लावली होती.

सून वॉर्डाच्या दाराबाहेर भिंतीला टेकून उभी होती. पंचविशीची असेल. नणंदेनं तिला आत पाऊल टाकू दिलं नव्हतं. मी तिला महिला कॉन्स्टेबलबरोबर ठाण्यात आणलं.

"बाई, गोळ्या कोण द्यायचं?"

"मीच देती, साहेब. आत्याबाईंला दिसत न्हाई नीट."

"किती दिल्या काल?"

"डॉक्टरनं सांगितल्या तेवढ्याच."

"मोजून सांगा."

"सांगितल्यापरमानंच दिल्या, साहेब."

चार वेळा चार तऱ्हांनी विचारलं. तेच उत्तर, आणि नजर खाली. माझ्या आयुष्यात मी खोटं बोलणारी माणसं पोत्यानं पाहिली. ही खोटं बोलत नव्हती, पण काहीतरी गिळून बसली होती एवढं नक्की दिसत होतं. चहात साखर का घातली नाही विचारलं, तर म्हणाली, "साखरेचा आजार हाय त्यांना. मी कशी घालू?" मला हे उत्तर फार तयारीचं वाटलं. संशय एकदा डोक्यात शिरला की समोरच्याचं साधं बोलणंसुद्धा वाकडं ऐकू येतं. माझं तेच झालं होतं.

दुपारी बाराच्या सुमाराला त्यांच्या गावचा एक शेजारी आला आणि हवालदाराच्या कानाला लागला. सुनेनं गोळ्यांचा डबा ज्वारीच्या कणगीत दडवून ठेवलाय, त्यानं स्वतः पाहिलंय. आम्ही जीप काढली, गावातले दोन पंच घेतले. कणगीत हात घातला तर खरोखरच बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. आत दोन प्रकारच्या गोळ्यांची पाकिटं. एकावर शिक्का होता, "सॅम्पल, विक्रीसाठी नाही." पंचनामा झाला, डबा मुद्देमाल म्हणून ताब्यात आला. लपवलेल्या गोळ्या, त्यातही बाजारात न मिळणाऱ्या! हवालदार म्हणाला, "साहेब, झालं की काम. कागद करायला घेऊ?" मी म्हणालो, घे.

अटकेचा कागद म्हणजे काय असतो ते गावात राहणाऱ्यालाच कळतं. पुढं कोर्टानं सोडलं तरी सासूला विष घालणारी हे नाव त्या बाईच्या कपाळावरून कुणी पुसणार नव्हतं. माहेरचेही दार लावून घेतात. हे मला त्या वेळी ठाऊक होतं, आणि तरीही मी 'घे' म्हणालो.

फक्त एक धागा राहिला होता, तो शिक्का. फुकट वाटायच्या गोळ्या कुणी चोरून विकतं का, हे बघायला हवं होतं. शिरूरचे ते खाजगी डॉक्टर म्हणाले, गरीब पेशंटला मीच सॅम्पल देतो, आणि ही सॅम्पल मला अमुक कंपनीच्या एमआरनं दिली. एमआर म्हणजे औषध कंपनीचा माणूस. गळ्यात टाय, हातात भली मोठी बॅग, मोटारसायकलवर शिरूर ते दौंड सगळे दवाखाने पालथे घालणारा. तो नेमका त्याच दिवशी शिरूरमध्ये होता. कॉन्स्टेबलनं त्याला दुसऱ्या एका दवाखान्याच्या बाकावरून उचलून आणलं.

पोरगा घामाघूम झाला होता. त्यानं न विचारताच सॅम्पलच्या नोंदींची वही माझ्यापुढं उघडली. "साहेब, मी एकही गोळी विकलेली नाही. कुठल्या डॉक्टरांना किती दिल्या, सगळं लिहिलंय." मी वही बाजूला सारली आणि दोन्ही पाकिटं त्याच्यापुढं टाकली. "यातली तुमची कुठली?"

त्यानं एक उचललं. मग दुसरं उचललं. दोन्ही उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचली, आणि त्याचा चेहराच बदलला. घाबरलेला पोरगा गेला आणि त्याच्या जागी आपलं काम जाणणारा माणूस बसला.

"साहेब, ही दोन्ही पाकिटं एकाच घरात होती?"

"एकाच डब्यात."

"मग आजींना दोन्ही चालू होत्या का हो?"

मी म्हणालो, असतील, दोन वेगळी औषधं आहेत. तो म्हणाला, "वेगळी नाहीत, साहेब. औषधाला नावं दोन असतात. मोठ्या अक्षरातलं कंपनीनं ठेवलेलं, बारीक अक्षरातलं औषधाचं स्वतःचं. ही आमची, ही दुसऱ्या कंपनीची. रंग वेगळा, नाव वेगळं. पण आतलं औषध तेच, ताकदही तीच." ते बारीक नाव मला तेव्हा उच्चारताही आलं नाही. आता पाठ आहे, ग्लिबेनक्लामाइड.

मग चहाचं काय, मी विचारलं. चहा पिऊन बाई परत पडली ना? तो म्हणाला, "चहानं नाही पडल्या. ही गोळी अंगात फार वेळ टिकते. वय झालेल्या माणसाच्या किडन्या तिला लवकर बाहेर काढत नाहीत. सलाईननं साखर वर येते, माणूस बोलायला लागतो, पण गोळीचं काम आत चालूच असतं. ट्रेनिंगमध्ये आम्हाला हे घोकून घेतात. साहेब, आधी दवाखान्यात फोन करा. दुप्पट गोळी गेलीय एवढं सांगा. उद्यापर्यंत सलाईन काढू नका म्हणावं, पुढचं डॉक्टरांना कळतं."

मी फोन केला. डॉक्टरांनी पाकिटांवरची अक्षरं त्या पोराकडून दोनदा वाचून घेतली आणि म्हणाले, "अहो, मग हे सकाळीच सांगायचं की."

कोण सांगणार? ज्या बाईला माहीत होतं तिला मी चुकीचा प्रश्न विचारत बसलो होतो. मी तिला पुन्हा बोलावलं आणि या वेळी समोरच्या खुर्चीत बसवलं.

"बाई, ही दुसरी गोळी कुणाची?"

ती रडायला लागली. मग सगळं सांगितलं. आठ दिवसांपूर्वी म्हातारी लेकीकडं गेली होती. लेकीनं मायेपोटी तिला दौंडच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांना म्हातारीनं शिरूरच्या गोळीचा पत्ता लागू दिला नाही, लेकीला वाटलं जुनी गोळी सुटली, आणि घरी आल्यावर सुनेकडून वचन घेतलं, की शिरूरच्या डॉक्टरला दौंडचं सांगायचं नाही. दुसरीकडं गेल्याचं कळलं की डॉक्टर रागावतात, परत नीट तपासत नाहीत, अशी आपल्याकडं ठाम समजूत. औषध टाकून देणं तर अन्न टाकण्याइतकंच वाईट. तेव्हा रोज सकाळी एक शिरूरची, एक दौंडची. रविवारी उपासाच्या रिकाम्या पोटी तीच दुप्पट गोळी अंगावर आली.

"वन्संनी एवढ्या पिरमानं आणलेल्या गोळ्या. त्या कशा बंद करू? आन् आत्याबाई म्हणल्या, डॉक्टरला बोललीस तर मला तोंड दावू नको. म्हणून गिळलं, साहेब."

"डबा कणगीत का ठेवला?"

"उंदरं कुरतडत्यात पाकिटं."

हवालदारानं टेबलावरचा अर्धवट लिहिलेला कागद हळूच ओढून घेतला. 

मंगळवारी दुपारी म्हातारी चांगली शुद्धीवर आली. नियमाप्रमाणं डॉक्टरांसमोर तिचा जबाब घ्यायचा होता. लेक उशाशी बसलेली, सून आदल्या दिवसासारखीच दाराबाहेर. मी सगळा प्रकार समजावून सांगितला आणि विचारलं, "आजी, तुमचा कुणावर संशय?"

म्हातारी म्हणाली, "माझ्यावर लिवा. म्याच तिचं त्वांड बांधलं हुतं. आन् ती कुठं हाय? कालधरनं जेवली का न्हाई माझी बाय?"

लेक उठली. दाराबाहेर गेली आणि वहिनीच्या गळ्यात पडून अशी रडली की शेजारच्या खाटांवरचे पेशंटही उठून बसले. कारखान्यातली पाळी टाकून आलेला म्हातारीचा मुलगा खिडकीकडं तोंड करून डोळे पुसत होता. माझेही डोळे भरून आले, सांगायला लाज कसली?

त्या दिवसापासून मी तपासात 'किती' आधी विचारत नाही. आधी 'काय काय' आणि 'कुणाचं' हे विचारतो. माझ्या हाताखालच्या प्रत्येक फौजदाराला मी हेच शिकवलं. लपवणारा माणूस गुन्हेगारच असतो असं नाही, पुष्कळदा तो कुणाचा तरी शब्द पाळत असतो. आणि खात्यातली आम्ही सगळी शहाणी माणसं जे वाचायला विसरलो, ते बॅग घेऊन दारोदार फिरणाऱ्या एका पोरानं वाचलं. त्याला मी उठून हात जोडले होते. तो लाजून चूर झाला.

जबाबावर म्हातारीचा अंगठा घेऊन मी बाहेर आलो. सुनेला म्हणालो, "बाई, तुमच्यावर आता काही नाही. माझं चुकलं. तुम्ही घरी जा, दोन घास खा."

ती जागची हलली नाही. पदर सावरला, आणि काल दिवसभर खाली असलेली नजर पहिल्यांदा वर करून मला विचारलं, "साहेब, मग उद्या सकाळी आत्याबाईंला कुठली गोळी द्यायची?"