दत्तोबांसाठी नेलेली शाल

गेल्या महिन्यात टीव्हीवर तो सिनेमा पुन्हा लागला आणि मी पुन्हा शेवटपर्यंत पाहिला. कितव्यांदा ते माधुरीला, म्हणजे माझ्या बायकोला विचारा. जुना, कृष्णधवल, लढाईचा सिनेमा. आपल्याकडचा एक शिपाई आणि गनिमाकडचा एक, दोघांची गोष्ट आलटून पालटून सांगणारा. त्याच्याबद्दल मी या ब्लॉगवर इतकं लिहिलंय की जुन्या वाचकांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. माझा सर्वांत आवडता प्रसंग नदीकाठचा. लढाई संपलीय, आपला झेंडेकरी पाण्यात पडलाय. गनिमाचा एक शिपाई येतो, त्याला ओंजळीनं पाणी पाजतो, स्वतःच्या खांद्यावरचा शेला त्याच्या अंगावर घालतो आणि निघून जातो. संवाद एकही नाही. हे दोघं नट नव्हते. भोरपलीकडच्या ज्या गावात चित्रीकरण झालं, तिथलेच गडी होते.

"एवढा जीव आहे तर जाऊन या एकदाचे," माधुरी म्हणाली. "आणि मलाही न्या. तेवढाच तुमच्या त्या सिनेमाचा मला काही उपयोग."

झेंडेकऱ्याचं नाव दत्तोबा, एवढं एका जुन्या लेखात वाचलं होतं. खटपट करून गावातल्या किराणा दुकानाचा नंबर मिळवला आणि विचारलं, "सिनेमात काम केलेले आजोबा आहेत ना अजून?" दुकानदार म्हणाला, "हायेत की! या." शनिवारी सत्कार करायला येतो, असं मी सांगून टाकलं. झालं. पुण्याचा माणूस एखाद्या गुणी माणसाला भेटायला निघाला की त्याला आधी सत्कार सुचतो. लक्ष्मी रोडवरून शाल आणली, मंडईतून नारळ, आणि एक सन्मानचिन्ह करवून घेतलं. त्यावर दत्तोबांचं नाव आणि खाली या ब्लॉगचं, जरा मोठ्या अक्षरात.

शनिवारी सकाळी कोथरूडहून निघालो. तुम्ही जाणार असाल तर उजाडायच्या आत निघा, नाहीतर नवले पुलापाशीच निम्मा उत्साह संपतो. खेड शिवापूरचा टोल भरून कापूरहोळला उजवीकडे वळलं की भोरचा रस्ता लागतो. वळणाच्या अलीकडे मिसळ खाल्ली. तर्री झणझणीत, पाव ताजे, चहा मात्र नावालाच. भोरमध्ये गाडीची टाकी भरून घ्या, पुढे पंप मिळेलच असं नाही. तिथून महाडच्या दिशेनं रस्ता अरुंद होतो, पण डावी-उजवीकडे भातखाचरं आणि मधूनच दिसणारं नदीचं पात्र बघत गेलं की खड्ड्यांचा राग येत नाही. गावाचं नाव मी देत नाहीये. का ते पुढे कळेल.

दुकानदार वाट बघतच होता. त्यानं आम्हाला एका घरापुढं नेलं. अंगण सारवलेलं, दारात रांगोळी, मधोमध एक लाकडी खुर्ची आणि तिच्यावर धुतलेली चादर. खुर्चीत एक आजोबा ताठ बसले होते. पांढरं स्वच्छ धोतर, नवी टोपी, दाढी गुळगुळीत. त्यांची सून सुनंदा हातात ओवाळणीचं तबक घेऊन उंबऱ्यात उभी. शेजारपाजारची पंधरा-वीस माणसं जमली होती.

मी वाकून नमस्कार केला. "दत्तोबा, तुम्हाला भेटायचं किती वर्षांपासून मनात होतं!"

आजोबांनी टोपी नीट केली.

"दत्तू गेला की गेल्या साली," ते म्हणाले. "मी सखाराम. मी गनीम हुतो."

माणसं हसली, तेही हसले. मी खाली बसलो. म्हणजे शेला घालणारा तो शिपाई हाच. मला आनंद व्हायला हवा होता, आणि खरं सांगतो, मला वाटलं की फेरी फुकट गेली. तरी फोन काढून चित्रीकरण सुरू केलं आणि त्या प्रसंगाबद्दल विचारलं.

"दत्तू सकाळधरनं पाण्यात पडल्याला," सखारामआबा सांगू लागले. "थंडीचं दिस. त्याचं दात वाजाय लागलं. आता मराय टेकल्यालं माणूस आसं कुडकुडतंय म्हनल्यावर सगळं पयल्यापासनं कराय लावतील, आन् दत्तूला पुन्हा पाण्यात झोपवतील. म्हून म्याच आपला शेला टाकला त्याच्या अंगावर. वाटलं, सायेब वरडतील. तर सायेब म्हनलं, ऱ्हाऊ द्या, बेस हाय."

ज्या क्षणावर मी दिग्दर्शकाची प्रतिभा म्हणून पानंच्या पानं लिहिली, तो या माणसानं मित्राला थंडी वाजत होती म्हणून केला होता. हे मी तिथं बसून, माझ्या कानांनी ऐकलं. पुढचं वाचताना हे लक्षात ठेवा.

दुकानदार म्हणाला, "जत्रेला दरसाल दत्तोबाला फेटा बांधायचे, पालखीपुढं झेंडा घेऊन चालवायचे. आबांना कोन बांधतंय? गनीम म्हनूनच हाक मारत्यात अजून."

"आबा काल भोरला जाऊन दाढी-केस करून आले," सुनंदा तबक सावरत म्हणाली. "तुम्ही फोनवर सत्कार करायचा म्हनला होता ना. त्यांचा कधी झालाच न्हाई ओ कुठं."

सगळ्यांचं लक्ष माझ्या पिशवीकडं होतं. शालीचा काठ वर आलेला दिसत होता. आबांनी मात्र पिशवीकडं पाहिलं नाही. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ते समोर बघत बसले.

आता माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते सांगायलाच हवं. सन्मानचिन्हावर दुसऱ्याचं नाव आहे, ही सबब होती. खरी भीती निराळी. हे चित्रीकरण ब्लॉगवर टाकलं की खाली लोक काय लिहितील? गनिमाचा सत्कार करून आला म्हणतील. सिनेमातला गनीम, तोही आपल्याच भोरकडचा भातशेती करणारा माणूस, पण असल्या बाबतीत कोण इतकं बघतं? तर मी पिशवीची चेन ओढून बंद केली आणि म्हणालो,

"हे दत्तोबांच्या नावाचं आहे. दुसऱ्या कुणाला देणं बरं दिसणार नाही. शेवटी तत्त्वाचा प्रश्न आहे."

"बराबर हाय," आबा म्हणाले. "ज्याचं त्याला."

सुनंदा तबक घेऊन आत गेली. माणसं एकेक करून पांगली. आणि तरीही आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. तांदळाची भाकरी, पावट्याची आमटी, ठेचा. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. जेवण इतकं चांगलं होतं की मला आता त्याचीसुद्धा लाज वाटते.

जेवणानंतर आबा काठी टेकत आम्हाला नदीवर घेऊन गेले. दत्तोबा ज्या दगडाला टेकून पडले होते तो दगड दाखवला आणि त्याच्याशेजारी उभे राहिले. मला सिनेमातली चौकट जशीच्या तशी हवी होती. मी म्हणालो, "आबा, जरा बाजूला होता का?" ते झाले.

परतीच्या वाटेवर कात्रज आलं. मीच म्हणालो, "चहा घ्यायचा का कुठे?"

"तुमच्या तत्त्वाला पाजा," ती म्हणाली. "सकाळपासून पिशवीत कोंडून ठेवलंय बिचाऱ्याला."

घरी आल्यावर तिनं ती शाल जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीवर पसरून ठेवली, माझ्याच खुर्चीवर. मला तिथं बसवेना. दुसऱ्या दिवशी दुकानात फोन करून आबांना बोलावून घेतलं.

"पोचला का न्हाई नीट?" त्यांनीच आधी विचारलं.

"आबा, माझं फार चुकलं. मी शाल घेऊन परत येतो."

"छ्या! आता कशापायी यवढा हेलपाटा? आसं करा, दत्तूचा ल्योक हडपसरला असतो, कंपनीत. बाप गेल्यापासनं त्यो गावाकडं येईना झालाय. त्याला द्या समदं. बापाचं नाव बघून बरं वाटंल पोराला. शाल बी त्यालाच घाला."

मी त्यांच्याकडूनच पत्ता घेतला. पुढच्या रविवारी हडपसरला गेलो. दत्तोबांचा मुलगा पन्नाशीचा, नुकताच कंपनीतली पाळी संपवून आलेला. त्यानं शाल घेतली, सन्मानचिन्हावरच्या वडिलांच्या नावावरून बोट फिरवलं, डोळे पुसले. बायकोला हाक मारून दाखवलं. मग माझ्याकडं वळून विचारलं,

"आणि सखारामकाकांना काय दिलंत?"

"काही नाही," मी म्हणालो.

चहा आला, मी तो पिऊन निघालो.

भोरकडं पुन्हा जायचं आहे. कुठल्या तोंडानं, ते ठरत नाही. तोवर तुमच्यापैकी कुणी हौसेनं त्या गावात जाऊन आबांना पुन्हा खुर्चीत बसवू नये, म्हणून नाव दिलं नाही. या लेखासोबत एकच फोटो देतोय, नदीकाठच्या त्या दगडाचा. प्रकाश छान आहे, चौकट सिनेमातल्यासारखी आली आहे. फोटोत माणूस कुणी नाही, कारण जो होता त्याला मी बाजूला व्हायला सांगितलं होतं.