प्रिंटर दोघांचा, फाइली ज्याच्या त्याच्या

मंडळी, आज सुट्टीचं एक काम केलं, ते तुम्हाला सांगतो.

आमचं आणि शेजारच्या सुमनवहिनींचं घर, मध्ये एकच भिंत. वहिनी शिकवण्या घेतात. आमच्या प्रिंटरवर त्यांचे पेपर निघावेत म्हणून दिवाळीत मी दोन्ही घरांचे कॉम्प्युटर वायरनं जोडले. पण त्यामुळं आमच्या फाइलीही त्यांना दिसणार, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

सकाळी वहिनींनी माझ्या बायकोला बाजूला घेतलं. “काल पेपर शोधताना तुझा रिपोर्ट उघडला गं. गाठीचा. मी कुणाला बोलले न्हाय.”

हे आम्ही घरात आईलाही सांगितलेलं नाही. मला हे सांगताना बायको रडली. मला माझाच राग आला.

दुपारी दोन्ही घरांना वेगवेगळे राउटर लावले आणि प्रिंटर त्या दोन्हींच्या बाहेर, सामायिक जोडणीवर ठेवला. आता ज्याच्या फाइली त्यालाच दिसतात. वहिनींच्या कॉम्प्युटरवर तपासायला गेलो, तर त्यांनी विचारलं, “आमचा राग आला व्हय?”

“न्हाय वहिनी. चूक माझी हाय.”

त्यांनी एक पेपर छापला. तो नीट निघाला. मग म्हणाल्या, “पुढची तपासणी कधी हाय?”

“बुधवारी.”

“मी जाते तिच्यासंगं. शिकवणीला सुट्टी देते. तुम्ही आईंजवळ थांबा. पण त्यांना आधी सांगा की!”

आई आता देवळातून येईल. सांगायला सुरुवात कशी करू? तुमच्यापैकी कुणी घरात असं सांगितलंय का?